जबल अद्-दुखानच्या खडकांत वाजलेला घण

नमस्कार मंडळी,

या सदरातले अनुभव मी नेमाने वाचते आणि आधीच सांगते, निम्म्या वेळा हसते. पांढरी साडी, पैंजणांचा आवाज, वळणावर हात करणारा म्हातारा... माझा यातल्या कशावरही कधी विश्वास बसला नाही. आजही बसलाय असं म्हणणार नाही. पण जे झालं ते झालं. ते लपवायचं कशाला?

मी सिव्हिल इंजिनिअर. आमच्या वस्तीतली पहिली ग्रॅज्युएट — मुलगे धरून पहिली. आम्ही वडार. मिरजेच्या बाजूला खडीच्या खाणीवर माझ्या आई-वडिलांनी आयुष्यभर दगड फोडले आणि मला शिकवलं. हे मी कुणालाही पहिल्याच भेटीत सांगते. ऐकणाऱ्याला काय बोलावं ते सुचत नाही, आणि त्याची मला गंमत वाटते. सांगायचं कारण एवढंच की पुढे जे घडलं ते दगडाच्या आवाजाबद्दल आहे, आणि दगडाचा आवाज मी अ-आ-इ-ई शिकायच्या आधी शिकले.

मी, माझा नवरा प्रकाश आणि मुलगी ईशा बहरीनला माहूजमध्ये राहतो. प्रकाश पुण्याचा, अकाउंट्समध्ये आहे. यंदा जानेवारीत माझे वडील, आम्ही त्यांना आप्पा म्हणतो, पहिल्यांदाच आमच्याकडे आले. पहिलं विमान, पहिला परदेश. आई आली नाही. भावाकडे बाळंतपण होतं. आप्पांना मधुमेह आहे, आणि खाणीतल्या सुरुंगांनी दोन्ही कान अर्धे गेलेत. उजवा जरा जास्तच. कानाचं मशीन आणून दिलं तर ते टॉवेलात गुंडाळून बॅगेच्या तळाशी ठेवतात. म्हणतात, "बायकोचं बोलणं ऐकू यायला लागलं तर मी काय करू?"

ठिकाण नीट सांगते, म्हणजे इथल्या वाचकांना लगेच कळेल. रिफा मागे टाकून अवालीच्या पुढे गेलं की सखीरचं वाळवंट लागतं. रस्त्याच्या कडेने तेलाचे पाइप, माना हलवणारे पंप, थंडीच्या दिवसांत बहरीनी कुटुंबांचे तंबू. आणि मधोमध जबल अद्-दुखान, म्हणजे धुराचा डोंगर. डोंगर कसला, सह्याद्री बघितलेल्याला टेकाडच वाटेल. पण त्याच्या भोवतीचे खडक मात्र बघण्यासारखे आहेत. वाऱ्याने खालून खाऊन खाऊन काहींच्या माना बारीक केल्यात आणि वर रुंद टोप्या ठेवल्यात. काही भाकऱ्यांच्या चळतीसारखे थरावर थर. काहींत गुहा, गुहांत कबुतरं. सकाळी चुन्यासारखे पांढरट, उन्हं कलली की गुळाच्या रंगाचे. मी पहिल्यांदा बघितले तेव्हा गाडीतून उतरून नुसती उभी राहिले होते. तेव्हाच ठरवलं होतं की आप्पांना हे दाखवायचं. ज्यांनी सगळा जन्म दगड फोडला त्यांना एकदा नुसता बघायचा दगड दाखवायचा.

तर एका शुक्रवारी आमच्या मराठी मंडळींनी तिथे हुरडा पार्टी ठरवली. हसू नका. हुरडा आप्पांनीच आणला होता, फ्रीजरमध्ये गोठवून, थर्माकोलच्या डब्यातून. एअरपोर्टवर कुणी विचारलं असतं तर काय सांगणार होते देव जाणे. गोवऱ्या इथे मिळणार नव्हत्या, म्हणून कोळशावर गरम करायचा बेत. लसणाची चटणी, दही, गूळ. आमच्या शेजारच्या तंबूत अबू खालिद म्हणून एक बहरीनी गृहस्थ कुटुंबासह उतरले होते. त्यांनी न मागता कोळसा दिला आणि त्यांच्या तंबूमागची टॉयलेटची केबिन खुशाल वापरा म्हणून सांगितलं. हे केबिनचं लक्षात ठेवा.

आप्पा उतरल्या उतरल्या खडकाकडे गेले. बैलाच्या पाठीवर मारावी तशी थाप मारली आणि म्हणाले, "कच्चा हाय. ह्याची खडी केली तर एका पावसात पीठ."

मी म्हटलं, आप्पा, इथे पाऊसच पडत नाही. मग पलीकडचा सुळका दाखवून म्हणाले की तो बरा दिसतोय, त्यातून चांगला माल निघेल. मी सांगितलं, तोही हाच चुनखडक आहे, सगळं बेटच याचं आहे. त्यांना काही पटलं नाही. बापलेकीत असा वाद लागला की प्रकाश मुकाट्याने चहा ओतायला लागतो.

आमच्यात ग्लोरिया म्हणून एक आहे, वसईची, हॉस्पिटलात नर्स. तिने येताना आप्पांना विचारलं होतं, गोळी घेतली का. घेतली होती. मग काही खाल्लंत का? तर नाही. हुरडा खायचा तर पोट रिकामं पाहिजे, असं त्यांचं गणित. ग्लोरिया म्हणाली, "आप्पा, गोळी घेऊन उपाशी राहायचं नसतं हां. मी पहिला घाणा तुम्हाला देणार." ते हसले. कोळसे पेटायला वेळ लागत होता.

आता केबिनचं सांगते. आप्पा तिथे जाऊन, दार उघडून, आत डोकावून परत आले. प्लॅस्टिकचा डबा, आजूबाजूला बायामाणसांची ये-जा. आमच्याकडे जुन्या माणसांची एक शिस्त आहे. परसाकडे जायचं तर इतकं लांब जायचं की मागून आपलं डोकंसुद्धा दिसता कामा नये. आणि कुणाला सांगून जायचं नाही. आप्पा या शिस्तीचे फार कडक. त्यांनी पाण्याची बाटली उचलली आणि खडकांच्या दिशेने निघून गेले. आम्हाला कुणालाच पत्ता नाही. मी कांदा चिरत होते.

त्यानंतर थोड्याच वेळात उत्तरेकडे आभाळाची कड तपकिरी झाली. इथे शमाल म्हणतात, उत्तरेचा वारा. धुळीची भिंतच उचलून आणतो. अबू खालिद ओरडले, सगळं आवरा. आम्ही डबे झाकतोय, सतरंज्या गुंडाळतोय, तोवर ती अंगावर आलीच. हातभर अंतरावरचा माणूस दिसेना. दात, कान, डोळे, सगळीकडे वाळू. सगळे तंबूत शिरलो. मी माणसं मोजली आणि आप्पा नव्हते.

फोन लावला. रिंग सतरंजीच्या घडीतून आली.

ईशा म्हणाली, "मम्मा, ही टुक अ बॉटल अँड वेंट दॅट साइड." आणि तिने खडकांकडे बोट केलं.

बाटली म्हटल्यावर मला सगळं कळलं. ते किती लांब गेले असतील तेही कळलं.

पुरुषमंडळींनी गाड्यांत बसून हॉर्न वाजवायला सुरुवात केली. मी प्रकाशला सांगितलं, बंद करायला लाव. एकतर त्यांना ऐकू येणार नाही, आणि आलंच तर खडकावर आपटून भलतीकडून येईल. अबू खालिदनी पोलिसांना फोन केला. पोलीस निघाले होते, पण या धुळीत त्यांचीही गाडी मुंगीसारखीच येणार. मी डोक्याला ओढणी गुंडाळायला लागले तसे अबू खालिद आडवे आले. त्यांचं हिंदी सगळ्या आखाताचं असतं तसंच, 'नाही'ला 'मफी' म्हणणारं.

"सिस्टर, तुम इधर बैठो. उधर पत्थर का पीछे जमीन खलास. एकदम कट. बाबा बैठेगा तो मुश्किल मफी. बाबा चलेगा तो..." आणि त्यांनी तळहात सपकन खाली नेला.

माझे वडील बसणारे नाहीत, हो. पाऊस असो, ऊन असो, वाट चुकली की पाय चालवायचे, ही त्यांची रीत. ग्लोरिया हळूच म्हणाली, साखर उतरायला लागली असेल तर त्यांना दिशाही कळणार नाही. मी तंबूच्या दाराशी उभी होते. त्यांना इथे कुणी आणलं? मी. बघा आप्पा, मी कुठे राहते, हे दाखवायला.

आणि तेव्हा मला तो आवाज आला.

ठण्ण... ठण्ण... मग थोडी उसंत. पुन्हा ठण्ण.

लोखंडावर घण. ज्यांनी खाण बघितली नाही त्यांच्यासाठी सांगते. सुरुंगाचं भोक पाडायचं तर एकजण दगडावर पहार उभी धरतो आणि दुसरा वरून घण घालतो. घाव पडला की धरणारा पहार जराशी फिरवतो. त्या फिरवण्याला वेळ लागतो, म्हणून प्रत्येक घावानंतर तेवढीच उसंत पडते. माझी आई पहार धरायची, आप्पा घण घालायचे, आणि मी बाजूला पोत्यावर झोपायचे. ती उसंत मला झोपेतसुद्धा ओळखता येते. वाऱ्याचा एवढा घोंगाट, ताडपत्रीची फडफड, आणि त्या सगळ्याच्या आतून तो आवाज स्वच्छ येत होता. जणू वारा त्याच्यासाठी बाजूला होत होता.

मी प्रकाशला विचारलं, ऐकू येतंय? तो म्हणाला, काय?

"घण," मी म्हटलं. "आप्पा तिकडे आहेत."

का म्हटलं, माहीत नाही. आप्पांकडे घण कुठला? बाटली घेऊन गेलेला माणूस. पण माझ्या मनात तेव्हा शंका नव्हती, हे मला आजही ठळक आठवतं.

नवरा म्हणून प्रकाशचं कौतुक इथे करायलाच हवं. त्याला काही ऐकू येत नव्हतं, त्याचा अशा गोष्टींवर माझ्यापेक्षा कमी विश्वास. तो एवढंच म्हणाला, "एकटी जायचं नाहीस." आणि माझ्या ओढणीचं दुसरं टोक मनगटाला बांधून मागे चालू लागला. अबू खालिद अल्लाचं नाव घेत बसले. ईशाला ग्लोरियाने धरून ठेवलं.

आम्ही आवाजावर चाललो. तो उजवीकडे सरकला की मी उजवीकडे. धुळीतून एकेक खडक अचानक समोर यायचा, बारीक मानेचा, मोठ्या डोक्याचा, आणि मागे पडायचा. प्रकाश नंतर सगळ्यांना सांगत होता की त्याला स्वतःचे बूट दिसत नव्हते आणि ही मात्र भाजी आणायला निघाल्यासारखी चालली होती. जमीन चढली, मग सपाट झाली. आवाज जवळ आला. आणि एकाएकी बदलला.

ठण्ण होता तो बद्द झाला.

हेही सांगायला हवं. दगड अखंड असतो तोवर वाजतो. आतून तडा गेला की आवाज बसतो, बद्द येतो. खाणीवर आवाज बद्द झाला की असेल त्या जागी थांबायचं, कारण दगड आता कुठल्याही क्षणी सुटणार. यावर विचार करायचा नसतो, पाय आपोआप थांबतात. माझे थांबले. मी खाली बसले आणि ओढणी ओढून प्रकाशलाही बसवलं. घण थांबला होता. नुसता वारा.

मी जिवाच्या आकांताने हाक मारली, "आप्पा..."

समोरच्या खडकाच्या आडून, अगदी जवळून, उत्तर आलं.

"बार उडाला का गं?"

मी गुडघ्यांवर रांगत गेले. आप्पा खडकाला पाठ लावून, डोक्यावर दोन्ही हात धरून, मान गुडघ्यांत घालून बसले होते. खाणीवर सुरुंगाचा बार उडायच्या आधी बसतात तस्सेच. पाण्याची बाटली पायांत धरलेली. अंग घामाने भिजलेलं, हात थरथरत होते, पण शुद्धीवर होते. ग्लोरियाने निघताना माझ्या मुठीत गूळ कोंबला होता, तो त्यांच्या तोंडात घातला. मी त्यांना घट्ट धरून बसले. ते मात्र मला ओरडत होते की बार व्हायच्या आधी उठून आलीस कशाला, एवढी शिकलीस आणि एवढं कळत नाही?

कसला बार, मी विचारलं.

त्यांनी सांगितलं ते असं. धूळ आली तेव्हा ते परत यायला निघाले आणि वाट चुकले. चालत राहिले. डोकं हलकं व्हायला लागलं होतं. तेवढ्यात घण ऐकू आला. त्यांना वाटलं, इथे खाण चालू आहे, माणसं असतील, तिकडेच जावं. निघाले. आणि मग घण थांबला आणि कुणीतरी हाळी दिली — बार हाय, बार... बसा...

मला हाळी ऐकू आली नव्हती. मी विचारलं, मराठीत? कोण होतं?

आप्पा माझ्याकडे असं बघायला लागले की जणू मी भलतंच विचारलं.

"बार म्हटल्यावर आवाज कुणाचा ते बघत न्हाईत, पोरी. बसत्यात."

थोड्या वेळाने धूळ पातळ झाली. आधी आकाश दिसलं, मग खडक, मग जमीन. आप्पांच्या पायांपुढे हातभर जमीन होती आणि त्यापुढे काहीच नव्हतं. सरळ कडा, दोनमजली घराएवढा, खाली सुटे धोंडे. प्रकाशने ते बघितलं आणि माझा हात धरला, सोडेचना. आप्पा ज्या दिशेने चालले होते त्याच दिशेला तो कडा. मी ज्या जागी बसले होते तिथूनही चार पावलं भलतीकडे पडली असती तर तीच गत.

आम्ही आप्पांना मधे धरून खाली उतरलो. तोवर पोलिसांची गाडी पोचली होती, शेजारच्या तंबूंतली माणसं जमली होती, अबू खालिद हात वर करून "अल्हम्दुलिल्लाह" म्हणत पुढे आले आणि त्यांनी आप्पांच्या कपाळाचं चुंबन घेतलं. आप्पा लाजेने अर्धे झाले होते. एवढी माणसं कशासाठी जमली आणि आपण कशासाठी गेलो होतो, हे सगळ्यांना कळलंय, हीच त्यांना काळजी. एका पोलिसाने मोडक्या हिंदीत विचारलं, बाबा, उधर क्यों गया? आप्पा ताठ मानेने म्हणाले, "घूमने."

कुणी हसलं नाही. सगळ्यांनी गंभीरपणे माना डोलावल्या. मग हुरडा झाला. वाळू मिसळलेला, दाताखाली कचकच वाजणारा, पण इतका आनंदाने खाल्लेला हुरडा मला दुसरा आठवत नाही. अबू खालिदनी तीनदा मागून घेतला. आमच्या ग्रुपमधल्या ज्या माणसाने मी पहिल्या भेटीत माझी जात सांगितल्यावर विषय बदलला होता, तो स्वतः उठून आप्पांच्या ताटात दही वाढत होता आणि घणाबद्दल विचारत होता. आप्पा त्याला अख्खी खाण समजावून सांगत होते, हातवारे करून.

आता स्पष्टीकरणं. ग्लोरियाचं म्हणणं, प्रत्येकाचा एक राखणदार दूत असतो. प्रकाशचं म्हणणं, तेलाचा पंप. हे मला पटण्यासारखं वाटलं, म्हणून पुढच्या शुक्रवारी स्वच्छ हवेत आम्ही परत गेलो. त्या कड्याजवळ उभं राहून कान दिला. पंप ऐकू येत नाही. जवळ जाऊन ऐकला तर तो घरघरतो, उसंत घेत नाही, आणि मधेच थांबून मराठीत हाळीही देत नाही. अबू खालिदनी चौकशी केली, त्या बाजूला कुठेही काम चालू नव्हतं. माझ्या मनात ताणामुळे जुना आवाज जागा झाला असेल, असंही एकाने सांगितलं. ठीक आहे, माझ्या मनात झाला. मग अर्ध्या बहिऱ्या माणसाला त्याच वेळी तोच आवाज कुठून आला? आणि माझ्या मनाने त्यांना बसवलं कसं?

परत गेलो त्या दिवशी एक गोष्ट मी मुद्दाम केली. हातोडा आणि छिन्नी नेली होती. छिन्नी त्या खडकावर ठेवून घाव घातला. आवाज आला थप्प. दुसरीकडे घातला, थप्प. चुनखडक, मऊ, धूळ उडते आणि आवाज तिथेच मरतो. तो कधीच ठण्ण वाजत नाही. तसा फक्त काळा पाषाण वाजतो, आमच्या खाणीतला. त्या सगळ्या डोंगरात काळा पाषाण नाही. हे मी इंजिनिअर म्हणून सांगते. आणि मी हे आप्पांना सांगायच्या आधीच, पार्टीहून घरी परततानाच, ते गाडीत मला म्हणाले होते, "इथं काळा दगड कुठं गं निघाला?"

घण कुणी घातला, पहार कुणी धरली, हाळी कुणी दिली, काही माहीत नाही. भूत म्हणायला माझी जीभ वळत नाही आणि भास म्हणायला मन तयार नाही. वडील जिवंत घरी आले, आणि ते मी आणले. एवढं मात्र छाती ठोकून सांगते.

पार्टीच्या दिवशी संध्याकाळी आप्पांनी आईला व्हिडिओ कॉल लावला आणि सगळी हकीकत फोनमध्ये ओरडून सांगितली. खडक, धूळ, पोलीस, सगळं. परसाकडेचं सोडून. आई कधी कशाने भारावून जाणारी बाई नाही. तिने सगळं ऐकून घेतलं, मांडीवरच्या नातवाचं दुपटं सारखं केलं, आणि स्क्रीनच्या अगदी जवळ येऊन मला नीट बघितलं.

"बद्द वाजल्यावर थांबलीस?"

थांबले, मी म्हटलं.

"मग झालं," आई म्हणाली. "कॉलेजात जाऊन कान न्हाई बिघडले माझ्या पोरीचे."